वाळूतून आलेली चमक

आमच्या महिला मंडळात लोणची-पापडांच्या हिशेबाइतकीच चर्चा केसांची होते. भिवंडीत धामणकर नाक्यापासून तीनबत्तीपर्यंत कुठल्याही दुकानात जा, काउंटरवर सिरमच्या छोट्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या दिसतात. दोन थेंब घेतले की केस आरशासारखे! मग प्रश्न सुरू होतात. यात सिलिकोन असतं म्हणे, ते वाईट का? त्यानं केस गळतात का? आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, केस लांब आहेत पण अगदी तलम आहेत, त्यांना हे चालेल का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला एक माणूस भेटला. अर्थात पुस्तकात! कारण त्याला जाऊन पाऊणशे वर्षं झाली. फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग त्याचं नाव. रसायनशास्त्राच्या जगात मोठं नाव, पण आपल्या घरात त्यानं नाव दिलेली वस्तू रोज वापरली जात असूनही तो आपल्याला ठाऊक नाही. मी कला शाखेची, त्यामुळे समीकरणं सोडून द्या. पण त्याची गोष्ट वाचल्यावर बाटलीमागची ती बारीक अक्षरं मला बरीच कळायला लागली.

किपिंगचा जन्म १६ ऑगस्ट १८६३ चा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळचा. आपल्या भिवंडीला लोक कौतुकानं मँचेस्टर म्हणतात ना, तेच हे मूळ मँचेस्टर. कापडाचं, गिरण्यांचं, धुराचं शहर. वडील बँक ऑफ इंग्लंडमध्ये नोकरीला, आईचे वडील चित्रकार. सात भावंडांत हा सगळ्यात थोरला. थोरल्या मुलावर आपल्याकडे असतो तसा जबाबदारीचा भार तिकडेही असणारच. शिक्षण मँचेस्टरलाच झालं. १८८२ मध्ये पदवी मिळाली आणि पठ्ठ्यानं नोकरी धरली ती शहराच्या गॅस कारखान्यात, रसायनतज्ज्ञ म्हणून.

चारेक वर्षं तिथं काढली. नोकरी स्थिर होती, पण मन रमेना. १८८६ मध्ये ती सोडून तो जर्मनीला म्युनिकला गेला. त्या काळी रसायनशास्त्र शिकायचं तर जर्मनीच गाठावी लागे. तिथं त्याला मार्गदर्शक मिळाले विल्यम हेन्री पर्किन धाकटे. म्हणजे ज्यांच्या वडिलांनी १८५६ मध्ये जगातला पहिला गाजलेला कृत्रिम जांभळा रंग शोधला, आणि ज्यामुळे कापडाच्या रंगांची दुनियाच बदलली, त्यांचे चिरंजीव. गुरू-शिष्याच्या वयात फार अंतर नव्हतं. दोघांची मैत्री जमली ती कायमची. पुढे दोघांनी मिळून सेंद्रिय रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं. १८९४ मध्ये आलेलं ते पुस्तक कित्येक दशकं विद्यार्थ्यांच्या हातात होतं.

आता एक गंमत सांगते, खास आपल्या पानासाठी. १८८८ मध्ये किपिंगनं लिली हॉलंडशी लग्न केलं. लिलीची एक बहीण पर्किन यांना दिलेली आणि दुसरी पुढे आर्थर लॅपवर्थ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला. म्हणजे तीन साडू, आणि तिघंही नामांकित रसायनशास्त्रज्ञ! सणावाराला या तीन बहिणी एकत्र जमल्या की त्यांच्या नवऱ्यांच्या गप्पा कशावर चालत असतील, याची कल्पनाच केलेली बरी. किपिंग दांपत्याला दोन मुलगे, दोन मुली झाल्या. एक मुलगा बापासारखा रसायनशास्त्रज्ञ झाला, तर दुसरा बुद्धिबळाची कोडी रचण्यात जगप्रसिद्ध झाला.

१८९७ हे वर्ष किपिंगला चांगलं गेलं. वयाच्या चौतिसाव्या वर्षी रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आणि नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापकपद. नॉटिंगहॅम म्हणजे लेसचं गाव. पूर्वी झंपरला, परकराला लावायला आपण ज्या नाजूक लेसा घ्यायचो, तसल्या कामासाठी जगभर नावाजलेलं. माणूस मँचेस्टरच्या कापडातून निघाला आणि नॉटिंगहॅमच्या लेसमध्ये येऊन स्थिरावला. तिथं तो राहिला तब्बल एकोणचाळीस वर्षं.

याच कॉलेजात १८९९ च्या सुमाराला त्यानं एक विषय हातात घेतला आणि तो आयुष्यभर सोडला नाही. विषय होता सिलिकॉन. वाळूत, गारगोटीत, काचेत असतं ते मूलद्रव्य. आपल्या शरीरातलं, तेलातलं, कापसातलं सगळं रसायन उभं असतं कार्बनवर. सिलिकॉन हा कार्बनचा जवळचा भाऊबंद. मग कार्बनच्या जागी सिलिकॉन घातलं तर काय होईल? कार्बनसारखाच संसार ते मांडेल का? किपिंगचा प्रश्न एवढा साधा होता. फ्रेंच शास्त्रज्ञ ग्रिन्यार यांनी नुकतीच एक नवी पद्धत शोधली होती, तिला पुढे नोबेलही मिळालं. किपिंगनं १९०४ पासून ती पद्धत सिलिकॉनसाठी वापरली आणि एकामागून एक नवे पदार्थ तयार केले.

आता नावाची गोष्ट ऐका, कारण आपल्या विषयाची सगळी गोम त्यातच आहे. नेलपॉलिश काढायला आपण जे झोंबऱ्या वासाचं पाणी वापरतो, त्यात पूर्वीपासून ॲसिटोन असतं. ॲसिटोन हा कीटोन जातीचा पदार्थ. आपण बनवलेला पदार्थही तसाच, फक्त कार्बनच्या जागी सिलिकॉन असलेला असणार, असं किपिंगला सुरुवातीला वाटलं. म्हणून कीटोनवरून त्यानं नाव ठेवलं सिलिकोन. कॉम्प्युटरच्या चिपमधलं ते सिलिकॉन, आणि हे सिलिकोन. एका मात्रेचा फरक, पण वस्तू निराळ्या.

पण नाव चुकलं होतं! कीटोनचे रेणू सुटे सुटे असतात. सिलिकोनचे तसे नव्हते. सिलिकॉन, ऑक्सिजन, पुन्हा सिलिकॉन, पुन्हा ऑक्सिजन अशी ती लांबच लांब माळ होती, गजऱ्यात फुलं ओवावीत तशी. पुढच्या अभ्यासात किपिंगलाही हे उमगलं की आपला पदार्थ कीटोनसारखा नाही. पण तोवर नाव रुळून गेलं होतं. आज सव्वाशे वर्षांनी ते चुकीचं नावच जगभर चालतंय.

नावाइतकाच पदार्थही वैतागवाणा. किपिंगला हवे होते स्वच्छ, सुटे, चमकदार स्फटिक. हाताला लागायचे ते चिकट तेलकट गोळे. त्या काळी अशा चिकट राळेला कोणी रसायनशास्त्रात किंमत देत नसे, ती भांड्यातून खरवडून काढायची डोकेदुखी. खीर करायला जावं आणि दर वेळी तळाला खरपुडीच धरावी, असंच म्हणा ना. तरी हा माणूस थांबला नाही. हाताशी मोजके सहकारी आणि विद्यार्थी घेऊन पन्नासच्या वर शोधनिबंध त्यानं फक्त या एका विषयावर लिहिले.

१९२८ मध्ये त्याला सर जेसी बूट यांच्या नावाचं प्राध्यापकपद मिळालं, त्या पदावरचा तो पहिलाच. हे बूट कोण? तर इंग्लंडभर औषधांच्या आणि प्रसाधनांच्या दुकानांची साखळी उभारणारे व्यापारी. म्हणजे ज्यांच्या दुकानांत पुढे शाम्पू-कंडिशनरच्या बाटल्या रचल्या जायच्या होत्या, त्यांच्याच नावाच्या खुर्चीवर सिलिकोनला नाव देणारा माणूस बसला होता. आणि दोघांपैकी कोणालाही हे ठाऊक नव्हतं!

१९३६ मध्ये किपिंग निवृत्त झाला. त्याच सुमाराला रॉयल सोसायटीनं त्याला मानाच्या व्याख्यानाला बोलावलं. जवळजवळ चाळीस वर्षांचा हिशेब मांडायची ती संधी. दुसऱ्या कोणी आपल्या कामाचे ढोल वाजवले असते. या माणसानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं की या क्षेत्रात लवकर काही मोठी प्रगती होईल अशी आशा आपल्याला दिसत नाही. आयुष्य ज्यावर घातलं त्याबद्दल हे बोलायला केवढं धैर्य लागतं! माझ्या मनात हा माणूस घर करून बसला तो या प्रसंगामुळे.

आणि त्याचा अंदाज किती चुकावा? त्याच सुमाराला अमेरिकेत काच बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीत आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये शास्त्रज्ञ त्याचे निबंध उघडून बसले होते. ज्या चिकट गोळ्यांना तो कंटाळला होता, तेच त्यांना हवे होते. ते उष्णतेनं सहज बिघडत नव्हते, थंडीनं गोठत नव्हते, पाण्याला जवळ येऊ देत नव्हते. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग ही खास सिलिकोनची कंपनी निघाली. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या इंजिनात ओलावा शिरू नये म्हणून तिचा लेप वापरला गेला. किपिंगनं हे पाहिलं. १ मे १९४९ रोजी वेल्समधल्या क्रिकिएथ या समुद्रकाठच्या गावी तो वारला, तेव्हा सिलिकोनचा धंदा उभा राहिला होता. केसांपर्यंत मात्र ते यायचं होतं. १९६० पासून अमेरिकेत सिलिकॉनवरच्या संशोधनासाठी त्याच्या नावाचा पुरस्कार ठेवला गेला.

युद्ध संपल्यावर सिलिकोन मलमांत आलं, क्रीममध्ये आलं. १९८७ मध्ये अमेरिकेत पर्ट प्लस नावाचा शाम्पू आणि कंडिशनर एकत्र असलेला प्रकार निघाला, त्यानं सिलिकोन घराघरांतल्या न्हाणीत पोचवलं. आणि आपल्या भिवंडीकरणींना तर ते दुसऱ्या वाटेनंही ओळखीचं आहे. यंत्रमागावरून उतरलेलं कोरं कापड प्रोसेसला जातं, तिथं हात मऊ लागावा म्हणून शेवटी सिलिकोनचं सॉफ्टनर देतात. दुकानात साडी, ड्रेसचं कापड कसं लोण्यासारखं लागतं, आणि धुण्यात पडल्यावर हळूहळू तो मऊपणा उतरतो! कापड खराब झालेलं नसतं. वरचा हात उतरलेला असतो.

केसांचंही अगदी तसंच आहे, बघा. केसावर माशासारखे बारीक खवले असतात. नवीन केसावर ते चापून बसलेले असतात, शिवाय त्यावर निसर्गानं दिलेला तेलकट थर असतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पाऊण मीटर लांब वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. पाच-सहा दिवाळ्यांची अभ्यंगस्नानं, तितके उन्हाळे, शेकडो वेळा फिरलेला कंगवा. खवले उचकटतात, एकमेकांत अडकतात, गुंता होतो, फाटे फुटतात. सिलिकोन या खवल्यांवर पातळ पांघरूण घालतं. कंगवा सरकतो, केस तुटायचा वाचतो. आत मात्र ते काहीच पोचवत नाही. डोक्याबाहेरचा केस हा मुळी निर्जीव, त्यामुळे त्याचा श्वास कोंडतो या म्हणण्यातही अर्थ नाही.

मग तलम केसांना चालेल का? आधी तलम आणि विरळ यात फरक करा. विरळ म्हणजे केसांची संख्या कमी. तलम म्हणजे एकेक केस बारीक. सूत ओळखणाऱ्यांच्या गावातल्या आपण, आपल्याला हे सांगायला नको. चाळीसचं सूत जाड, शंभरचं बारीक. एका वजनाच्या बारीक सुताचा पृष्ठभाग जास्त, म्हणून त्यावर लेपही जास्त चढतो. जाड केस दोन थेंब सहज पचवतो, तलम केस तेवढ्यानं चिपचिपीत होऊन डोक्याला चिकटतो. म्हणून ज्यांचे केस तलम, त्यांना सिरम नको वाटतं. पण तलम केस तुटतोही लवकर, आणि लांब असेल तर त्याच्या टोकांना पांघरुणाची गरज सगळ्यात जास्त!

म्हणून उत्तर हे की चालतं, पण टोकांना. आणि अगदी थोडं. न्हाल्यावर केस टिपून घ्या, ओलसर असतानाच एक थेंब, फार तर दीड, तळहातावर चोळा आणि कानाखालच्या लांबीपासून शेवटापर्यंत फिरवा. मुळाशी आणि टाळूला हात लावू नका. कंडिशनरचंही तेच. आमच्या मंडळातल्या एकीचे कमरेपर्यंतचे रेशमी केस सदा तेलकट दिसत आणि ती बाटलीला दोष देई. सिरम ती मुळापासून लावत होती. टोकांपुरतं ठेवल्यावर तीच बाटली तिला मानवली, शिवाय चौपट दिवस पुरली.

बाटलीमागची अक्षरं वाचायची सवय लावा. डायमेथिकोन आणि डायमेथिकोनॉल ही जड पांघरुणं, पाण्यानं न निघणारी, शाम्पूच लागतो. अमोडायमेथिकोन हे झिजलेल्या जागी जास्त चिकटतं. सायक्लोपेंटासिलोक्सेन उडून जातं. नावाआधी पेग आणि आकडा असेल तर ते बहुधा पाण्यात सुटणारं असतं, तलम केसांना हे हलकं पडतं. यादीत जे नाव आधी, त्याचं प्रमाण जास्त. आपल्यापैकी बऱ्याचजणी शिकेकाई-रिठ्यानं न्हातात. त्या सौम्य फेसानं जड सिलिकोन पुरतं निघत नाही, थरावर थर बसतो. केस ओढल्यासारखे, निस्तेज वाटले तर मधूनच एकदा साध्या, कंडिशनर नसलेल्या शाम्पूनं धुवा. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातले क्षारही साठतात, तेव्हा शेवटचा तांब्या साध्या, गोड्या पाण्याचा घ्या.

आणि आपलं खोबरेल? त्याला सिलिकोनची जागा देता येत नाही, आणि सिलिकोनला खोबरेलाची. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी लावलेलं खोबरेलच केसाच्या आत शिरून प्रथिनांची झीज कमी करतं, असं त्यात दिसलं. ही कंपनी स्वतः खोबरेल विकणारी, हे लक्षात ठेवूनही आपल्या आज्यांचं न्हाणं किती शहाणपणाचं होतं ते पटतं. तेव्हा न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल, न्हाल्यावर टोकांना थेंबभर सिरम. दोघी जावा आपापली कामं वाटून घेतात तसं!

एक बाजू पर्यावरणाचीही आहे. काही सिलिकोनं निसर्गात लवकर विरघळून जात नाहीत. म्हणून युरोपात २०२० पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी-४ आणि डी-५ या दोन प्रकारांवर ०.१ टक्क्याची मर्यादा आली, आणि २०२४ मध्ये न धुता ठेवायच्या प्रसाधनांनाही ती पुढे लागू करायचं ठरलं. डी-५ म्हणजे वर सांगितलेलं सायक्लोपेंटासिलोक्सेनच. थेंबभर वापरायला हे आणखी एक कारण.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. सिलिकोननं केस गळत नाहीत, आणि गळणारे केस सिलिकोननं थांबतही नाहीत. रोज पन्नास ते शंभर केस जाणं हे स्वाभाविकच. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गुंतवळाचा गोळा मोठा होतो, तोही बहुतेकींचा आपोआप कमी होतो. पण केस सतत विरळ होत असतील, दम लागत असेल, पाळीला अंगावर जास्त जात असेल तर बाटली ठेवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. थायरॉईडचंही विचारा. वस्तीत फिरताना मी पाहते, पद्मानगर असो की आणखी कुठलं, बाई स्वतःच्या रक्तावर खर्च करायला दहा वेळा विचार करते आणि केस दाट करणाऱ्या बाटलीवर पटकन करते. कारण बाटलीवर तसं छापलेलं असतं. पोषण, दुरुस्ती, पुनर्जीवन!

किपिंगला स्वतःच ठेवलेलं नाव पुढे बरोबर वाटलं नाही, आणि आपल्या कामाबद्दल जे खरं वाटलं तेच त्यानं भर सभेत सांगितलं. त्याच्या पदार्थाच्या बाटल्यांवर आज जी नावं छापतात, त्यांना तो प्रामाणिकपणा जमलेला नाही. तेव्हा तो आपण पाळू या. सिलिकोन हे पांघरूण आहे, जेवण नव्हे. पांघरूण थंडीत हवंच, पण भूक लागली तर ताटच वाढावं लागतं. न्हाण्याच्या दिवशी टोकांना एक थेंब लावा, आणि रोजच्या ताटात पालेभाजी, कडधान्य, वर लिंबाची फोड विसरू नका.